बद्द वाजणारी भिंत

चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला शिडी लावली आणि शिडीचं टोक भिंतीच्या प्लॅस्टरात घुसलं. बशीएवढा पोपडा खाली आला, मागून लाल भुगा भसाभस सांडला, गणपती अजून बसायचा होता म्हणून वाचलो नाहीतर आईने मला घरात ठेवलं नसतं. मग मी बोटाच्या पेराने अख्खी भिंत ठोकत सुटलो. जमिनीपासून कमरेपर्यंत बद्द बद्द, त्याच्या वर टणटण.

चूक माझीच आहे. घर गोव्यात फोंड्याकडे, आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, दीड हात जाड भिंती आणि त्यावर चुन्याचा गिलावा. तो दरवर्षी पावसानंतर खालून थोडा थोडा सुटायचा, दिवाळीआधी डागडुजी आणि सफेदी ठरलेली, मला त्याचा कंटाळा आला. आठ वर्षांपूर्वी सगळा उकरून काढला. कंत्राटदार म्हणाला एकास चार सिमेंट मारू, वॉटरप्रूफिंगची पावडर घालू, वर प्लास्टिक पेंट, पंधरा वर्षं बघायला नको. मला तेच ऐकायचं होतं.

आता कळतंय ते असं. चिरा म्हणजे दगडाचा स्पंज. जुन्या घरांना पाया आणि भिंत यांच्यामध्ये ओल अडवणारा थर नसतो, त्यात आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे भिंत खालून पाणी ओढणारच. येताना ते जमिनीतला खार घेऊन येतं. चुन्याच्या गिलाव्यातून पाणी बाहेर येऊन उडून जायचं आणि खार त्या गिलाव्यातच साचायचा, म्हणून तो सुटायचा, चिरा मात्र शाबूत राहायचा. मी सिमेंट आणि पेंटने वाट बंद केली, मग खार प्लॅस्टरच्या मागे फुगला आणि चिऱ्यालाच खाऊ लागला. आजोबांचा गिलावा आमच्यासाठी मार खात होता आणि मी त्यालाच हाकलला.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, त्याला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली तर म्हणाला अरे भाई, सगळं काढ आणि बाहेरून इन्सुलेशन लाव, तुझी पश्चिमेची भिंत तापते ती पण थंड पडेल. त्यांच्याकडे थर्माकोलच्या जाड पाट्या किंवा खनिज लोकरीचे बोर्ड गोंदाने भिंतीला चिकटवतात, प्लास्टिकच्या खुंट्या ठोकतात, वर मसाल्याचा पातळ थर, तो ओला असतानाच त्यात फायबरची जाळी दाबतात, जाळीचे तुकडे एकमेकांवर दहा सेंटिमीटर चढलेच पाहिजेत, खिडकीच्या कोपऱ्यांवर तिरके तुकडे वेगळे कारण तडा तिथूनच जातो, आणि शेवटी दीड-दोन मिलिमीटर दाण्याचं रंगीत रेंडर, म्हणजे बाहेरचा गिलावा. हे सगळं त्याने इतकं छान समजावलं की मी अर्धा विकला गेलो होतो.

मग वाचत बसलो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात विल्मिंग्टन भागात १९९० च्या दशकात याच पद्धतीच्या घरांची वाट लागली होती, खिडक्यांच्या सांध्यांतून पाणी आत गेलं, बाहेर यायला रस्ता नाही, आतलं लाकूड कुजलं. पणजीत नवीन काँक्रीटचा फ्लॅट असेल, पश्चिमेचं ऊन आणि दिवसभर एसी असेल तर विचार करायला हरकत नाही, पण खालून पाणी पिणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून थर्माकोल म्हणजे माझीच चूक अजून जाड करून लावणं. वाळवीला त्यात आयती घरटी मिळतात ते वेगळंच.

उलटं टोकही आपल्याकडेच आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च, १६०५ चं, त्याचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात जुनाट दिसावं म्हणून खरवडून काढला. सगळे त्या लाल दगडाचे फोटो काढतात आणि तो दगड दर पावसात झिजतो. परत गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. चिऱ्याला अंगावर काहीतरी हवंच, फक्त ते सिमेंट नको.

शेवटी चुन्याचं काम येणारा एक म्हातारा गवंडी मिळाला. भिंत बघितली, नख लावलं, भुगा जिभेवर ठेवून थुंकला आणि म्हणाला पाण्याला यायला वाट आहे, जायला पण ठेवा. ठरलं ते असं, कमरेच्या वर एक फुटापर्यंतचं सिमेंट काढायचं (काढलं, तीन दिवस हातोडा), मग भिंत नुसती उघडी वाळू द्यायची. वर येणारा खार कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतला की तो परत आत जातो. काम जानेवारीत, म्हणजे पावसाआधी चुना नीट धरेल, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला घाई चालत नाही. एकास तीन चुना-रेती, त्यात थोडी विटेची भुकटी, पाण्यात गूळ. रेती नदीचीच, दर्याची चालणार नाही, तिच्यात मीठ, आणि नदीची मिळवताना सध्या जीव जातो. पहिला हात थापीने फटका मारून बसवायचा, मग गोणपाटं भिजवून टांगायची.

चुना मागच्या पडवीत पिंपात विरवून ठेवलाय, चुन्याच्या कळ्या, म्हणजे कोरडे खडे, पाण्यात टाकल्या तेव्हा पिंप असं उकळायला लागलं की मांजर दोन दिवस तिकडे फिरकलं नाही. मी रोज सकाळी चहाआधी ब्रश घेऊन भिंत झाडतो, पांढरी पूड पडते, कालच्यापेक्षा आज कमी वाटली. आई म्हणते पाहुणे येतात, तोपर्यंत त्या भिंतीला निदान एक जुनी साडी तरी नेसव.