सांगली ते परळ: बदललेल्या गुडघ्याचा बोन स्कॅन

बदललेला गुडघा रात्री ठणकतो, सीआरपी (शरीरात सूज-दाह आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) थोडा चढलेला, एक्स-रेत ठोस काही दिसत नाही आणि सर्जन चिठ्ठीवर लिहून देतात: ‘थ्री फेज बोन स्कॅन’. बदललेल्या सांध्यात इन्फेक्शन आहे का किंवा तो सैल झालाय का, याचा अंदाज घ्यायला हा स्कॅन करतात. आईला घेऊन आम्ही नुकतेच सांगलीहून मुंबईला, परळला जाऊन तो करून आलो. तुमच्या हातात अशीच चिठ्ठी असेल तर पुढचं वाचा.

तिकीट काढण्याआधी सर्जनना एक विचारून घ्या: गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासलंय का? इन्फेक्शनचा कौल मुख्यतः त्या पाण्यातच मिळतो. त्यात पांढऱ्या पेशी किती आहेत ते पाहतात आणि कल्चर लावतात, म्हणजे जंतू वाढतात का ते बघतात. कृत्रिम सांध्यातले काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून कल्चर १४ दिवसांपर्यंत ठेवतात. तिसऱ्या दिवशी ‘काही वाढलं नाही’ असा कागद हातात आला म्हणून लगेच पेढे वाटू नका. आईच्या गुडघ्यात सुई घातली, पण तपासण्यापुरतंही पाणी निघालं नाही, म्हणून स्कॅनची पाळी आली. त्याआधी गावातल्या एका दवाखान्यात पाणी न काढताच अँटिबायोटिक सुरू केलं होतं. हे फार ठिकाणी चालतं आणि त्याने घोळच होतो: जंतू मरत नाहीत, नुसते दबतात आणि कल्चर कोरं येतं. पाणी काढण्याआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं. अर्थात ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, सर्जनना विचारूनच.

फाईलमध्ये ऑपरेशनची तारीख ठळक दिसेल असं पाहा. ऑपरेशननंतरचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावा. इम्प्लांटचा, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा, स्टिकर हरवला असेल तर जुनं बिल शोधा. २०१७ साली गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली, तेव्हापासून बिलात इम्प्लांटचा तपशील वेगळा द्यावा लागतो.

आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. परळला जायचं म्हणून लोक दादरला उतरतात. दुखरा गुडघा सोबत असेल तर सरळ सीएसएमटीपर्यंत जा. शेवटचं स्टेशन असल्यामुळे पूल चढायचा प्रश्नच नाही, फलाटावरून सरळ बाहेर येऊन टॅक्सी. टॅक्सीला चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

वेळ मात्र पाळा. स्कॅनसाठी टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य लागतं आणि त्याची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते. केंद्रावर सकाळी ते तयार करणाऱ्या उपकरणातून (त्यालाही जनरेटरच म्हणतात) ते काढतात आणि पेशंटच्या वेळा बघून डोस भरतात. तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी ते तुमच्यासाठी थांबत नाही. (परळ आणि किरणोत्सारी औषधांच्या या शास्त्राचं नातं जुनं आहे. अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून इथेच आहे.) उपाशी राहायची गरज नसते, बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या. एमआरआयसारखी धातूची अडचणही नाही, फक्त खिशातली नाणी आणि किल्ल्या काढून ठेवायच्या.

पहिलं इंजेक्शन कॅमेऱ्याखाली झोपवूनच देतात. शिशाच्या जाड डबीतून सिरिंज निघाली, तिच्यावरही जड धातूचं कवच. आई घाबरली. टेक्निशियन पोरगी म्हणाली, “आजी, कवच आमच्यासाठी आहे, तुम्हाला एकदाच घ्यायचंय, आम्हाला रोज द्यायचंय.” आई हसली आणि हात पुढे केला. पहिल्या मिनिटाभरात गुडघ्याकडे रक्त किती जोरात येतं ते टिपतात, पाच-दहा मिनिटांत दुसरा फोटो. मग सुट्टी, साधारण तीन तासांची. औषध हाडात बसायला तेवढा वेळ लागतो.

या तीन तासांत भरपूर पाणी प्यायचं आणि पुन्हा पुन्हा लघवीला जायचं. इंजेक्शन घेतलेल्यांचं स्वच्छतागृह वेगळं असतं, तेच वापरा. लघवीचा थेंब कपड्यावर पडला तर तोही फोटोत चमकतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होते, म्हणून परकराचा एक जास्तीचा जोड जवळ ठेवा. शेवटच्या फोटोला अर्धा तास तरी पाठीवर न हलता पडावं लागतं. त्याआधी नेहमीची वेदनाशामक गोळी द्यायची का, ते आधीच विचारून ठेवा.

आता रिपोर्टाबद्दल, कारण घोटाळा इथेच होतो. बोन स्कॅनला धूर दिसतो, चुलीचा की वणव्याचा ते कळत नाही. इन्फेक्शन असलं तरी हाड चमकतं, इम्प्लांट सैल झाला असला तरी चमकतं आणि काहीही बिघडलेलं नसताना ऑपरेशननंतर वर्षभर, गुडघ्यात तर त्याहूनही जास्त काळ चमकू शकतं. म्हणून तारीख ठळक हवी म्हणालो. स्कॅन अगदी शांत आला तर मात्र मोठा दिलासा: इन्फेक्शन किंवा सैलपणा असण्याची शक्यता बरीच कमी होते. माझ्या मते हा स्कॅन ‘नाही’ सांगण्यासाठीच करावा, ‘आहे’ ठरवायला तो अपुरा आहे. आईचे पहिले दोन टप्पे शांत होते, तिसऱ्यात नडगीच्या बाजूला इम्प्लांटखाली चमक आली. हे चित्र सैलपणाकडे झुकतं, पण सर्जननी तेवढ्यावर शिक्का मारला नाही. पुन्हा पाणी काढायचं ठरलंय, या वेळी सोनोग्राफीत बघून.

परतीच्या गाडीत शेजारच्यांना किरणांचा त्रास होईल अशी काळजी नको. २४ तासांत औषध सोळाव्या हिश्श्यावर येतं, शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापर्यंत नातवंडांना मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईशेजारी फार वेळ बसू नये, एवढंच पथ्य.

सर्जननी पुढे ‘डब्ल्यूबीसी स्कॅन’ लिहून दिला तर ते प्रकरण वेगळं आहे. त्यात तुमचंच ४०-५० मिली रक्त घेऊन पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना किरणोत्सारी खूण लावून परत टोचतात आणि २४ तासांपर्यंत फोटो काढतात. जोडीला अस्थिमज्जेचा स्कॅन केला तर निदान अधिक पक्कं होतं. ही सोय सगळीकडे नसते, असली तरी रोज नसते. आधी फोन करून वार ठरवा आणि त्याच रात्रीचं परतीचं रिझर्व्हेशन करू नका. दादर-परळ भागात लॉज घ्या, तळमजल्यावरची खोली मागून.