वजनकाट्याची पावती विंडोजवरून लिनक्सवर नेताना

साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी फर्म. भरलेली गाडी काट्यावर येते, रिकामी होऊन पुन्हा येते, निव्वळ वजन निघतं आणि पावती छापली जाते. शेतकऱ्याचं बिल या पावतीवर ठरतं. त्यामुळे तिच्यातलं एक अक्षरही इकडचं तिकडं झालेलं आम्हाला चालत नाही.

सुरुवातीचा सगळा सी भाषेतला कोड विंडोजवरचा. पुढे काट्यावर लिनक्सचे छोटे संगणक बसवायचं ठरलं, आणि सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एसएनप्रिंटएफने. ठरावीक जागेत मजकूर लिहिणारं हे फंक्शन. मजकूर मावला नाही, तर मायक्रोसॉफ्टचं जुनं, अंडरस्कोरवालं रूप ऋण संख्या परत करतं, मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइटही टाकत नाही. सी९९ प्रमाणानुसार, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकानुसार, मात्र शून्य टाकायचाच, आणि पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते तो आकडा परत द्यायचा. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीनेही २.१ आवृत्तीपासूनच हे पाळलं. मायक्रोसॉफ्टने प्रमाणातलं फंक्शन दिलं व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये.

‘ऋण आलं की जागा दुप्पट कर’ हा आमच्या कोडचा रिवाज. लिनक्सवर मजकूर मावला नाही तरी ऋण येत नाही, म्हणजे नाव गुपचूप कापलं जाणार! त्यात सगळ्या लिप्यांसाठीचं युनिकोड आलं. ते बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ची चिन्हं १०, बाइट ३०. ३२ बाइटच्या जागेत शेवटचा शून्य धरला, तर आडनावाआधीची मोकळी जागा तेवढी मावते, आडनाव नाही.

जुना कोड तसाच चालावा म्हणून सगळीकडे −१ च परत करू, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. −१ वरून मावलं नाही एवढंच कळतं. किती हवं ते अंदाजानेच ठरवावं लागतं. म्हणून आमचं स्वतःचं फंक्शन लिहिलं: कुठल्याही मशीनवर लागणारी लांबीच परत करायची, ऋण फक्त खऱ्या चुकीसाठी. जुन्या विंडोज कंपायलरवर लांबी आधी वेगळी मोजून घेतो. नाव मुद्दाम नवं ठेवलं आणि जुनं काढून टाकलं, म्हणजे जुन्या फंक्शनला जिथे जिथे हाक होती तिथे बिल्ड (कोडचा प्रोग्राम बनवणं) अडला आणि प्रत्येक जागा डोळ्यांखालून गेली.

आता गळीत हंगामाआधी दोन्हीकडे लांबलचक नावांच्या पावत्या काढतो आणि बाइट-बाइट ताडून पाहतो.