माद्रिदमधला 'बियांचा राजवाडा'

आंतोन मार्तिन मेट्रो स्टेशनातून वर आले तेव्हा शेजारच्या मंडईतून मासळीचा वास येत होता. सान्ता इसाबेल रस्त्यावर वळले, आणि समोरच सिने दोरे! १९२३ ची देखणी इमारत. आसपासचे कष्टकरी इथे सूर्यफुलाच्या बिया सोलत सिनेमा बघायचे, म्हणून लोक तिला 'बियांचा राजवाडा' म्हणत. १९६३ मध्ये थिएटर बंद पडलं. १९८९ पासून मात्र स्पेनचं चित्रपट संग्रहालय, म्हणजे फिल्मोतेका, इथेच सिनेमे दाखवतं.

त्या संध्याकाळी स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलचा 'विरिदियाना' होता. संवाद सगळे कळणार नव्हते, पण सिनेमा मी आधी दोनदा पाहिला होता. मला तो स्पॅनिश प्रेक्षकांत बसून बघायचा होता.

या सिनेमाची हकिगत मला आजही थक्क करते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, मेक्सिकोत स्थायिक झालेला बुन्युएल मायदेशी शूटिंगला आला. मठातून आलेली विरिदियाना रात्री काकांच्या मुलाच्या, होर्हेच्या खोलीत शिरते आणि दार बंद होतं, हा मूळ शेवट सेन्सॉरने नाकारला. मग बुन्युएलने दार उघडं ठेवलं, आत मोलकरणीलाही बसवलं आणि तिघांना पत्ते खेळायला लावले. नव्या शेवटातून सुचतं ते पहिल्यापेक्षा कितीतरी धीट, तरी तो मंजूर झाला! १९६१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला, तो स्पेनच्या चित्रपट खात्याच्या प्रमुखांनी स्वतः स्वीकारला. लगेच व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने सिनेमावर झोड उठवली. प्रमुखांचं पद गेलं, सिनेमावर बंदी आली. फ्रँको १९७५ मध्ये वारला, तरी स्पेनमध्ये 'विरिदियाना' लागायला १९७७ उजाडलं. सोळा वर्षं!

शेजारच्या आजींना मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, आधी पाहिलाय का? त्यांनी बोटांनी सात-सात दाखवलं आणि हात छातीशी धरला.

विरिदियानाने आसरा दिलेले भिकारी हवेलीतल्या जेवणाच्या टेबलाशी येशूच्या शेवटच्या भोजनासारखे बसतात, तेव्हा थिएटरात मोठा हशा झाला. घरी एकटीने बघताना मी तिथे कधीच हसले नव्हते. अंगावर काटाच यायचा. शेवटी पत्त्यांचा डाव सुरू झाला, कॅमेरा मागे मागे सरकत गेला. आजी पुढे झुकून बघत होत्या. पडदा काळा झाल्यावरही त्या तशाच बसून होत्या, म्हणून मीही उठले नाही.