चमकत्या दिव्यांची मोजणी: सेन्सर झाला, आता डोळ्याची पाळी

उघडझाप करणारा दिवा लांबून किती उजळ दिसतो, ते मी आधी सेन्सरने आणि मग डोळ्याने मोजतोय. त्यातलं सेन्सरचं काम मार्गी लागलं. बीपीडब्ल्यू २१ फोटोडायोड (उजेडाचा विद्युतप्रवाह करणारा भाग), त्यामागे ऑप-अ‍ॅम्प (तो क्षीण सिग्नल वाढवणारी चिप), तिथून ऑसिलोस्कोप (उजेडाचा चढउतार स्क्रीनवर रेषेने दाखवणारं यंत्र). त्याच्याच जातीच्या बीपीडब्ल्यू ३४ ला डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही जाणवतात, त्यामुळे फिलामेंटच्या बल्बसमोर त्याचा आकडा भलताच फुगतो; २१ ला फिल्टर असल्याने तो माणसाच्या डोळ्याच्या बराच जवळ जातो. आतून काळा केलेल्या पीव्हीसी पाइपाच्या तळाशी तो बसवलाय. खोलीतला दिवा चालू राहिला, तर स्क्रीनवरच्या रेषेवर सेकंदाला १०० लाटा उठतात, म्हणून मोजणी अंधारातच.

एलईडीची रेषा सरळ चढते, सपाट चालते, सरळ उतरते. जुन्या इंडिकेटर बल्बची सावकाश चढते, आणि तार लाल होत विझेपर्यंत तिची शेपटी रेंगाळते. ही शेपटी कापून चालत नाही, कारण हिशेबात रेषेखालचं अख्खं क्षेत्रफळ लागतं.

लुकलुकता दिवा लांबून किती तीव्रतेच्या स्थिर दिव्याइतका दिसेल, तो हिशेब ब्लाँडेल आणि रे या संशोधकांनी १९११ साली मांडला: क्षेत्रफळ भागिले (झोताचा कालावधी अधिक ०.२ सेकंद). ३०० कँडेलाचा (कँडेला म्हणजे दिव्याच्या तीव्रतेचं एकक) दिवा ०.१ सेकंदच पेटला, तर लांबून तो १०० कँडेलाच्या स्थिर दिव्याइतकाच. डोळा सुमारे दशांश सेकंदापर्यंत प्रकाश साठवत राहतो. त्याहून आखूड झोतात साठवण अपुरीच पडते. म्हणून पाकिटावर नुसती शिखर तीव्रता (झोतातली सर्वांत जास्त तीव्रता) छापलेली असेल, तर तिच्यावरून खरेदी करू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

पण हे सूत्र दिवा जेमतेम दिसतो त्या उंबरठ्याचं आहे. गच्चीवर समोरासमोर उलटंच घडतं: ५० ते १०० मिलिसेकंदांचा ठसठशीत झोत स्थिर दिव्यापेक्षा जास्त उजळ भासतो. ब्रोका आणि सुल्झर यांनी हे १९०२ मध्येच नोंदवलंय. गच्चीवरून दिव्यांची तुलना करणारे त्यामुळे भलतंच काहीतरी मोजतात.

उंबरठा गाठायला गंगापूर धरणाचं बॅकवॉटर बरं, नाशिकचा उजेड पाठीमागे ठेवून. रात्री लांबचा दिवा दिसायला डोळ्याशी २×१०⁻⁷ लक्स (पोचणाऱ्या उजेडाचं एकक) पुरतात असं धरतात. ५०० मीटरवर त्याला अवघे ०.०५ कँडेला लागतात, त्यामुळे दिव्यापुढे कॅमेऱ्याचे एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणाऱ्या काचा) एकावर एक चढवावे लागतात. पलीकडच्या काठावरून आतेभाऊ फिल्टर बदलतो आणि फोनवर विचारतो, “दादा, आता?” मी नुसतं “आहे” किंवा “गेला” म्हणतो. कोणता फिल्टर लावलाय ते तो मला सांगत नाही, कारण माहीत असलं की नसलेला दिवाही दिसू लागतो. सुरू करण्याआधी अर्धा तास अंधारात बसायचं आणि मोबाइलची स्क्रीन बघायची नाही.

पांढरा दिवा “गेला” म्हटल्यावर नजर किंचित बाजूला वळवली की परत दिसतो. लाल मात्र नाही. अंधारात बघायला मदत करणाऱ्या, डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या दंडपेशींना लाल जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे लालची मोजणी सरळ नजरेनेच करतोय आणि दोन्ही रंगांच्या नोंदी वेगळ्या ठेवतोय.

पुढचा दिवा जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधली झेनॉन नळी. तिचा झोत साधारण मिलिसेकंदाचा, म्हणजे भागाकारात ०.२ च उरतं. तिचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरतो, तेव्हा रेझिस्टरने रिकामा केल्याशिवाय कोणी हात लावू नका.