नजरेचा त्रास, तोही समोरच्याला!

टोकियोच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मीटिंगमध्ये मान वर करत नाही. मला तो शिष्ट वाटायचा. परवा दुसऱ्या बिअरनंतर त्यानेच सांगितलं: आपण पाहिलं की समोरचा अस्वस्थ होतो, अशी त्याला धास्ती आहे. त्यासाठी डॉक्टर चालू आहेत. मी गारच पडलो. 'लोक काय म्हणतील' यात आपल्या पिढ्या गेल्या, पण ती काळजी स्वतःच्या अब्रूची. हा बाबा झोप घालवतो ती दुसऱ्याला त्रास नको म्हणून!

इथे याला ताइजिन क्योफुशो म्हणतात. कुणाला चेहरा लाल होण्याची भीती, कुणाला अंगाच्या वासाची, वास नसला तरी.

यावर मोरिता शोमा या डॉक्टरांनी १९१९ च्या सुमारास जे उपचार बसवले, त्यांच्या मी प्रेमातच पडलोय. ते पेशंटला चक्क स्वतःच्या घरी ठेवत. पहिला आठवडाभर नुसतं पडून राहायचं. वाचन नाही, गप्पा नाहीत, कुणी भेटायला येणार नाही. जेवण आणि संडास, एवढ्यापुरतं उठायचं. मनात येईल ते येऊ द्यायचं. माणूस शेवटी इतका कंटाळतो की स्वतःहून झाडू मागतो. मग हलकी कामं, मग अंगमेहनतीची, सोबत रोजची डायरी आणि तिच्यावर डॉक्टरांचे शेरे. भीती घालवायची नाहीच. कान लाल झाले तर होऊ देत, हातातलं काम सोडायचं नाही. (आमची आजी हेच फुकट सांगायची, पण आठवडाभर लोळायला मात्र तिने दिलं नसतं.) आता बरेच जण घरी राहूनच उपचार घेतात, जोडीला गोळ्या असतात.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत, परिशिष्टात हा आजार आहे. त्याच यादीत आपला कोण? धात! वीर्य गेल्याने अशक्तपणा आला, या भीतीने खंगणारी पोरं. आधी चिडलोच, आमचं हेच सापडलं का? पण ते नाव वैद्यकात आणलं आपल्याच डॉ. विग यांनी, १९६० मध्ये. शिवाय उपाय अवघड नाही: शरीर नीट समजावून सांगायचं आणि मुळाशी चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर इलाज करायचा. तरीही पोरं लोकलच्या रुळांकडेच्या भिंतीवर रंगवलेला 'गुप्तरोग'वाल्याचाच नंबर फिरवतात, कारण फॅमिली डॉक्टर बाबांनाही ओळखतो.