राज्य पुरस्काराची तयारी पाचवीपासून

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. शाळेच्या स्काऊट पथकाचा माजी संघनायक म्हणून मला मात्र आज पथकात असलेल्या मुलामुलींच्या उपयोगाचे लिहायचे आहे.

प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि त्यानंतर राष्ट्रपती पुरस्कार, असा हा जिना आहे. प्रत्येक पायरीवर ठरावीक महिने काम केल्याशिवाय पुढची चाचणी देता येत नाही. त्यामुळे आठवीत जाग आली तर हुशार मुलगाही मागे पडतो. दहा वर्षे पूर्ण झाली की पाचवीतच प्रवेश घ्यावा. दहावीचे वर्ष हिशोबात धरूच नये.

मुले घाबरतात गाठींना, पण अडतात नोंदवहीपाशी. तारीख, जागा, केलेले काम, सोबत कोण आणि स्काऊटमास्तरांची सही, हे त्याच आठवड्यात लिहून व्हायला हवे. शिबिराच्या आदल्या रात्री भरलेली वही परीक्षकाला लगेच कळते: सगळीकडे एकच शाई आणि पावसाळ्यातल्या सहलीत धूळ! पदभ्रमणाच्या अहवालात हाताने काढलेला नकाशा, दिशा आणि वेळा हव्यात. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायचे तर ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, म्हणून वन विभागाची परवानगी आणि पालकांची पत्रे आधी घ्यावीत. होकायंत्र लोखंडी कुंपण, मोबाइल किंवा पट्ट्याच्या बकलाजवळ धरले तर सुई भरकटते. पावलांनी अंतर मोजताना चढावर पाऊल आखूड पडते, म्हणून तलावपाळीसारख्या सपाट रस्त्यावर घेतलेले माप तिथे चालत नाही.

आता स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे एक उभी आणि एक आडवी काठी काटकोनात दोराने बांधणे. उभ्या काठीवर, आडवीच्या लगेच खाली, क्लोव्ह हिच ही काठीला दोर अडकवायची गाठ बांधा. मोकळे टोक लांब दोराला पिळून घ्या. मग दोर आडवीच्या पुढून आणि उभीच्या मागून असा तीन वेळा फिरवा. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. शेवटी दोन्ही काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे घेऊन आडवीवर क्लोव्ह हिचने संपवा. बांधणी डगमगते ती बहुतेक वेळा आवळवेढे ढिले राहिल्याने. तिथे पूर्ण ताकद लावायची. सुती दोर भिजल्यावर आखडतो आणि वाळल्यावर सैल पडतो. ठाण्याच्या पावसात सकाळी घट्ट असलेला मनोरा दुपारच्या उन्हात हलू लागतो, म्हणून ऊन पडले की प्रत्येक बांध पुन्हा तपासा. तिवईची गोष्ट उलटी: तिचे वेढे फार आवळले तर पाय फाकत नाहीत.

प्रथमोपचार, स्वयंपाक, तंबू हे सरावाने जमते.

नेतृत्वाबद्दल माझे मत ठाम आहे. सहा ते आठ जणांच्या संघात सगळ्या गाठी स्वतःच मारणारा संघनायक चांगला नाही. सामान, नोंदी, पाणी, स्वयंपाक अशी कामे महिन्यामहिन्याने फिरवावीत. नव्या मुलाला शिकवताना शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. समोर उभे राहिले की त्याला सगळे उलटे दिसते आणि डावा-उजवा गोंधळ होतो. एका बैठकीत एकच गाठ घ्यावी, आणि पुढच्या वेळी त्याच मुलाला ती दुसऱ्याला शिकवायला लावावी.