डेकच्या फळ्या कोणी घ्यायच्या?

न्यू जर्सीतील आमचे घर १९९४ साली बांधलेले आहे. मागच्या डेकचे (घराला लागून असलेल्या उघड्या लाकडी ओट्याचे) आणि झोपाळ्याचे लाकूड तांबे, क्रोमियम व आर्सेनिक मुरवलेले, म्हणजे 'सीसीए'चे निघाले. उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असे लाकूड करणे २००३ च्या अखेरीस थांबवले, पण त्याआधीचे डेक अजूनही जागोजागी उभे आहेत. यातले आर्सेनिक हाताला लागते आणि खालच्या मातीतही झिरपते. आमची तीन वर्षांची मुलगी झोपाळ्याच्या खांबाला धरून दुसऱ्या हाताचा अंगठा चोखत असे, त्यामुळे निर्णय एका संध्याकाळीच झाला.

सुताराने दोन दिवसांत सारे उतरवले, मात्र फळ्या अंगणाबाहेर जायला सहा आठवडे लागले. गावच्या संकलन केंद्राने सांगितले की तेथील लाकडाचा भुगा बागांत पसरतात, म्हणून हे चालणार नाही. ते योग्यच होते. त्यांनी घातक कचऱ्याच्या खिडकीकडे पाठवले. तेथे महिन्यातून एकच दिवस कचरा घेतात. तो दिवस गाठून, फळ्या भाड्याच्या ट्रकमध्ये चढवून आम्ही गेलो, तर घरातून निघालेले असे लाकूड केंद्र सरकारच्या नियमानुसार घातक कचऱ्यात मोडत नाही, असे सांगून त्यांनी ट्रक परत पाठवला. दोघेही नियमाला धरून बोलत होते, पण फळ्या न्यायच्या कुठे, हे एकानेही सांगितले नाही. ऐन उन्हाळ्यात ताडपत्रीखालच्या त्या ढिगामुळे मुलीला अंगणात सोडता येईना, याचा संताप अजून गेलेला नाही.

शेजाऱ्यांनी जाळून टाकण्याचे सुचवले. तसे कदापि करू नये. धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरते. शेवटी जिल्ह्याच्या कचराभूमीला फोन करून मी सरळ विचारले, "तळाला अस्तर घातलेल्या खड्ड्यात हे लाकूड घ्याल का?" उत्तर मिळाले, "घेऊ, वजनावर पैसे पडतील." वजनाची पावती हातात पडली तेव्हा फार हायसे वाटले. हा प्रश्न तोडकाम सुरू करण्यापूर्वीच विचारावा.

सुताराला मास्क द्यावा आणि भुसा पडेल तेथे आधीच प्लास्टिक अंथरावे. आम्हाला हे पहिल्या दिवशी दुपारी सुचले. लगेच तोडणे शक्य नसेल, तर लाकडात मुरणारे तेलयुक्त सीलर वर्षा-दोन वर्षांनी लावत राहावे आणि खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.